आसावरीचं पहिलं नाव

तळेगाव स्टेशन
३ मे २०२५

प्रिय शुभदा,

तुला आणि ओंकारला आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत.

बुधवारी तू गेलीस त्यानंतर ऊन फार वाढलं. दुपारी पंख्याचं वारंसुद्धा गरम येतं. गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर जिना टाळा म्हणतात, पण गच्चीवर कुरडया घातल्या आहेत, त्यामुळे दिवसातून चार वेळा वर जाणं होतंच.

आसावरीचा चौथीचा निकाल परवा लागला. वर्गात दुसरी आली, मराठीत पहिली. फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला तिने 'माझी मातृभाषा' या विषयावर भाषण केलं होतं. त्याचं प्रशस्तिपत्रक निकालासोबत मिळालं. मी ते तुझ्या बाबांच्या फोटोशेजारी ठेवलं आहे. पुढच्या वेळी आलीस की बघ.

ओंकारच्या कारखान्यातली चिक्की तिने दोन दिवसांत संपवली. त्याच्या हाताला पाकाचा चटका बसला होता तो बरा झाला का? ढवळताना हातमोजे घालायला सांग. आसावरीसाठी शिवते आहेस त्या पडद्याच्या पिवळ्या कापडाचा तुकडा तू टेबलावर विसरलीस. जपून ठेवला आहे.

बुधवारी बोलणं अर्धवट राहिलं. तुला लगेच निघायचं होतं. म्हणून इथे लिहिते. कागदावर मी लिहून दिलं तसंच आहे. सोमवारपासून आसावरीचं नाट्यशिबिर आहे, तीन आठवड्यांचं. तिने स्वतः हट्टाने नाव घातलं. त्यामुळे सुट्टीत तिला लोणावळ्याला पाठवणं जमणार नाही. जूनपासून तिला तिकडच्या शाळेत घालायचं तू म्हणतेस, पण शाळा बदलायची ही वेळ नाही. भाषेचा पाया याच वयात पक्का होतो. पस्तीस वर्षं मराठी शिकवून मी हे सांगते आहे. एक वर्ष जाऊ दे. मग शांतपणे बघू.

तू आलीस तेव्हा ती जरा बुजल्यासारखी झाली, ते मनाला लावून घेऊ नकोस. या वयात मुलं अशीच असतात. तिला तुमची आठवण येते.

मोबाईलवर एवढं लिहायला माझी बोटं वळत नाहीत. आणि तुला कागदावरचं वाचायला आवडतं, निदान पूर्वी आवडायचं. उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी आई,
सरोजिनी


तळेगाव स्टेशन
२१ मे २०२५, बुधवार

प्रिय शुभदा,

माझं पत्र परत आलं. पाकीट जाड नव्हतं, तरी आत तुझं उत्तर असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. माझंच पत्र होतं, माझ्याच घड्यांवर दुमडलेलं. 'नाट्यशिबिर' या शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. बाकी तू काही लिहिलेलं नव्हतं.

मी तुझी पत्रं अशीच परत पाठवत असे. तू पुण्याच्या वसतिगृहात होतीस तेव्हा, आणि लग्नानंतरही. चुकीभोवती लाल वर्तुळ, समासात बरोबर शब्द. लग्नानंतर एकदा तू लिहिलंस, 'आई घर आठवण मला रोज रडते.' मी ते वाक्य नीट करून पत्र परत पाठवलं. सोबत माझं पत्र नव्हतं. त्यानंतर तू लिहायची थांबलीस. मला वाटलं, संसारात वेळ मिळत नसेल.

शिबिर नाही. आसावरीने कशातही नाव घातलेलं नव्हतं.

तुला ते कसं कळलं याचा मी दोन दिवस विचार केला. शेजारच्या कोणी कळवलं असेल, असंही मनात आलं. मग लक्षात आलं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून चौदाव्या वर्षापर्यंत, रोज सकाळी तासभर, मी तुला आरशासमोर बसवून ओठ वाचायला शिकवलं. बुधवारी आसावरी माझ्याकडे तोंड करून बोलली तेव्हा तू तिच्या बाजूलाच उभी होतीस. मी कागद आणि पेन शोधत होते. तू तिच्या ओठांकडे बघत होतीस.

ती म्हणाली, "मला नाही जायचं. तिथे बोलायला कोणी नाही."

तू ते वाचलंस. मग मी लिहून दिलेला कागद वाचलास. त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवलीस आणि चपला घातल्यास. तुला गाडी गाठायची असेल, असं मी धरून चालले. ताटात आमरस वाढलेला होता. अक्षय्य तृतीया होती.

त्याच्या आधीचंही लिहायला हवं.

फाटकातून आत येताना तू तिला हाक मारलीस. करंगळी उजव्या गालावर टेकवलीस आणि जरा फिरवलीस. तिच्या गालावरच्या खळीवरून तुम्ही दोघांनी ठेवलेलं तिचं नाव. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी ठेवलेलं. मी बारशाला 'आसावरी' सुचवलं ते त्यानंतर. ऐकू न येणाऱ्या आईवडिलांच्या मुलीला मी गाण्यातल्या रागाचं नाव दिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती पायरीवर उभी होती. तिने तुझ्याकडे बघितलं आणि पालथ्या हाताने गाल पुसला. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, माझ्या गालाला काय लागलंय?"

तू पुन्हा हाक मारलीस. तिने पुन्हा गाल पुसला.

मी म्हटलं, "काही नाही. जा, आईला नमस्कार कर."

तिच्यासमोर हात नकोत, ती गोंधळते, असं मीच तुला सांगितलं होतं. तू ते सात वर्षं पाळलंस. महिन्यातून एकदा यायचीस, तिचे केस विंचरायचीस, तिला कुशीत घ्यायचीस, फोनवर दोन शब्द टाईप करून दाखवायचीस. मी तुम्हा दोघींच्या मध्ये बसायचे, एकीचं दुसरीला सांगायला. त्या दिवशी तिला न्यायला आली होतीस म्हणून पहिल्यांदा तू ते मोडलंस.

आता २०१८चं लिहिते. तुला माहीत आहे तेवढं थोडक्यात, माहीत नाही ते सविस्तर.

जानेवारी होता. आसावरी सव्वादोन वर्षांची. तोंडातून शब्द नव्हता. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, रोज कोणीतरी तिच्याशी बोलत राहायला हवं. त्याला दिवसाचे दोन तास पुरले असते. मी रोज लोणावळ्याला येऊ शकले असते, नुकतीच निवृत्त झाले होते. मी म्हटलं, तिला इकडे ठेवा. 'बोलायला लागली की आणून सोडते,' असं मी कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. तू ते ओंकारला सांगितलंस. तो बराच वेळ हातांनी बोलला. मी तुला विचारलं, काय म्हणतो? तू म्हणालीस, "हो म्हणतो." एवढा वेळ कोणी नुसतं हो म्हणत नाही, हे मलाही दिसत होतं.

निघताना तू मला एक वही दिलीस. खाकी कव्हरची, दोनशे पानी. पानोपानी पेन्सिलीने काढलेले हात, खाली शब्द. आसावरीला तेव्हा येत होते ते सगळे, मला तिचं कळावं म्हणून. दूध. पंखा. अजून हवं. दुखतं. कुत्रा गेला. उद्या. एकशे सदतीस शब्द होते, मी आता मोजले. सव्वादोन वर्षांच्या मुलीचे एकशे सदतीस शब्द. आणि मी गल्लीत सांगत होते, पोरीला एक शब्द येत नाही.

वही गाडीत राहिली, असं मी तुला सांगितलं. ती गाडीत राहिली नव्हती. त्याच संध्याकाळी मी ती वाचायला घेतली आणि चौथ्या पानावर मिटली. का, ते शेवटी लिहिते. दुसऱ्या दिवशी चौथं पान ओलांडून पुढची सगळी वाचली. मग कपाटात ठेवली.

म्हणजे मला कळत होतं.

आसावरी माझ्याकडे जे मागायची ते मला कळत होतं. मी कळलं नाही असं दाखवायचे. ही पद्धत मला तुझ्या लहानपणी पुण्यातल्या एका शिक्षिकेने दिली होती. मूल हाताने मागेल तर कळूनही कळलं नाही असं दाखवा, गरज पडली की शब्द येईल. मी ती तुझ्यावर अकरा वर्षं वापरली. तू दुधासाठी हात करायचीस आणि मी तुझ्यासमोर दुधाचं भांडं घेऊन बसून राहायचे. तीच मी तुझ्या मुलीवर वापरली.

पहिले अकरा दिवस ती तुला मागत होती. तर्जनी नाकपुडीशी, चमकी असते तिथे. वहीत दुसऱ्या पानावर आहे, खाली 'आई'. ती माझ्यासमोर उभी राहून बोट नाकाशी न्यायची. मी बघितलं नाही तर पाय आपटायची, कारण तुमच्या घरी तसंच बोलावतात, फरशी हलली की आई वळते. मी म्हणायचे, "पाय आपटू नये." मग पाण्याचा पेला तिच्यापुढे धरायचे. "म्हण, पाणी." ती पेला सारायची आणि पुन्हा बोट नाकाशी न्यायची.

मी म्हणायचे, "नाक दुखतंय का राणी?"

तुझे बाबा खोलीतून उठून जायचे.

बाराव्या दिवशी तिने पेला घेतला आणि पाणी प्यायली. मी डायरीत लिहिलं, 'प्रगती'. डायरी अजून आहे.

मे महिन्यात ती बोलायला लागली. तुझे बाबा म्हणाले, "सरोजिनी, तू शब्द दिला होतास. नेऊन सोड आता."

मी म्हटलं, "अजून तिला 'ळ' येत नाही."

ते म्हणाले, "ळ लोणावळ्यात आहे की."

मी हसले नाही. 'ळ' आला. मग म्हटलं, वाक्यं नीट होऊ देत. मग बालवाडी, मग पहिली. करोनात दीड वर्ष तुझं येणं बंद झालं. व्हिडिओ कॉलला फोन मी धरायचे, तिच्या चेहऱ्याजवळ, हात दिसणार नाहीत असा. बाबा गेले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, रडू नकोस." तू भिंतीशी उभी होतीस. तुला तिला काही सांगायचं होतं, ते तू चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिलंस. मी ते तिला वाचून दाखवलं. वाचताना दुरुस्त केलं.

शुभदा, मी मराठी शाळा वाचवायच्या मोर्च्यात चाललेली बाई आहे. सीमेपलीकडे राहणाऱ्या मराठी मुलांना मराठी शाळा मिळावी म्हणून स्टेशनबाहेर टेबल मांडून मी सह्या गोळा केल्या आहेत. भाषा चार माणसांची असली तरी तिला तिचा हक्क असतो, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे. मुलं लिहून घेत. माझ्या घरातल्या भाषेला मी हातवारे म्हणत होते.

पत्र परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, आसावरीचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला. ऑफिसात राजेंद्र आहे, माझा विद्यार्थी. आता त्याचेच केस पिकले आहेत.

"बाई, कशाला हेलपाटा घातला? फोन करायचा, घरी आणून दिला असता."

त्याने दाखला छापून पुढे ठेवला. त्यावर मातृभाषेचा रकाना असतो. त्यात 'मराठी' होतं. प्रवेशाच्या वेळी मीच सांगितलेलं.

मी म्हटलं, "हे चुकलंय. इथे सांकेतिक भाषा लिही."

"कसली भाषा?"

"हातांची. तिच्या आईवडिलांची."

"बाई, ती सोय झाली ना. म्हणजे चष्मा असतो तशी."

"चष्म्यातून नवरा-बायको भांडतात का?"

तो हसला. "आमच्याकडे त्याशिवाय भांडत नाहीत." मग माझ्याकडे बघून गंभीर झाला. "कॉम्प्युटरला यादी आहे बाई. मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू, सिंधी. सिंधीची अख्ख्या शाळेत दोन मुलं, पण भाषा यादीत आहे. तुमची नाही. 'इतर' टाकू का?"

"इतर नको."

"बरं, पोरीला ती येते का?"

"नाही."

"थोडीफार?"

"एकही शब्द नाही."

"मग मातृभाषा कशी हो, बाई? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, मूल आईकडून पहिली शिकतं ती."

"आईकडूनच शिकली होती. मी पुसली."

राजेंद्र उठला. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. दाखला होता तसाच घेऊन मी आले. पेनाने काही लिहावं तर 'मराठी'च्या पुढे जागाही नव्हती.

रविवारी आसावरीला घेऊन टाकव्याला गेले. तुझ्या सासूबाईंना सगळं सांगायचं ठरवून गेले होते. झुंबरबाई ओसरीवर भाताचं बी पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं.

"या इहीनबाई. सात वर्सांनी वाट घावली व्हय?"

मी सांगितलं, वहीसकट सगळं. चौथं पान सोडून. त्या बी चिवडत ऐकत होत्या.

"मला पद्धत शिकवली होती," मी म्हटलं.

"आमाला कुनी शिकवली न्हाई, ते बरं झालं म्हनायचं. पोरगं हात हालवायचं, मी बी हालवायची. लावनीला ह्यो त्या बांधाला अन् मी ह्या बांधाला, तरी समदं बोलनं व्हायाचं. बाकीच्या बाया वरडून वरडून घसं बसवून घ्यायच्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाला जड गेलं."

तेवढ्यात ओंकारचा व्हिडिओ कॉल आला, दुपारच्या सुट्टीतला. त्यांनी फोन बी मापायच्या पायलीला टेकवून उभा केला आणि दोन्ही हातांनी बोलायला लागल्या. तोंडही चालू होतं. "जेवलास का? काय जेवलास? बटाटाच का रोज? शुभदाला सांग, तिनं शिवलेल्या माझ्या चोळीचं माप चुकलंय, काखंत धरतीया." ओंकारने काहीतरी उत्तर दिलं आणि झुंबरबाई एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मी आणि आसावरी बघत राहिलो. त्या घरात त्या क्षणी ऐकू न येणाऱ्या आम्ही दोघी होतो.

आसावरी मला हळूच म्हणाली, "बाबा काय म्हणाले?"

मला सांगता आलं नाही.

तिने झुंबरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हनतोय, चोळी बराबर हाय, म्हातारी फुगलीया."

आसावरी हसली. बापाच्या बोलण्यावर ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

झुंबरबाई म्हणाल्या, "पोरगी ऱ्हाऊ द्या हितं सुट्टीभर. माझ्याशी तोंडानं बोलंल, हातानं बघंल. बुधवारी त्याची सुट्टी आसती, दोगं येत्याल. जूनपत्तुर न्हाई जमलं तर दिवाळीपत्तुर जमंल. तिला तोडून नेऊ नगा. एकदा तोडलीया."

मी त्यालाच भीत होते. तिला लोणावळ्यात, भांगरवाडीत तुझ्या दारात सोडून यायचं म्हणजे मी २०१८ मध्ये केलं तेच उलट्या बाजूने करायचं. टाकव्याची ही मधली वाट मला सुचली नव्हती. दोन्हीकडचं बोलणारं माणूस टाकव्यात होतं आणि मी सात वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नाही.

आसावरीने विचारलं, "टाकव्याच्या आजी, इथे बोलायला तू आहेस ना?"

"मी हाय की. मी दोनी बाजूंनी बोलती."

ती राहते म्हणाली. गोठ्यात वासरू आहे, तेही कारण असेल.

मग ओसरीच्या पायरीवर बसून मी तिला वही दिली. पहिल्या पानावर तू 'तिचं नाव' लिहिलं आहेस. तिने बराच वेळ चित्राकडे बघितलं. करंगळी गालावर ठेवून बघितली.

"आई तेव्हा मला हाक मारत होती?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तू 'काही नाही' का म्हणालीस?"

 तिने पान उलटलं. दुसरं, तिसरं, मग चौथं.

चौथ्या पानावर दोन चित्रं आहेत. डावीकडे 'टाकवे आजी', वाकवलेली बोटं खाली टोचतात, भाताची रोपं लावतात तशी. उजवीकडे 'तळेगाव आजी'. एका हाताची घडी छातीशी, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

हाताची घडी, तोंडावर बोट. पस्तीस वर्षं मी वर्गात शिरताच हे म्हटलं. घरी पाहुणे आले की तुलाही तसं बसवायचे, तुझे हात त्यांना दिसू नयेत म्हणून. तुझ्या बाबतीत घडी पुरेशी होती. पण सवयीने दोन्ही एकदम करून दाखवायचे, आणि तू दोन्ही करायचीस. तुमच्यात माणूस जसा दिसतो तसं त्याचं नाव पडतं, असं झुंबरबाई म्हणतात. तू ते रागाने ठेवलं नसशील. आठ-नऊ वर्षांची असशील. पण ते तू बदललं नाहीस, आणि तुझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला मी त्याच नावाने माहीत होते. त्या संध्याकाळी मी ते पान बघितलं आणि वही मिटली. आसावरीच्या वाचेसाठी मिटली, असं मी सात वर्षं स्वतःला सांगितलं. तिचे हात थांबले तर हे नावही कोणी घेणार नाही, एवढा सरळ विचार मी केला नव्हता. पण वही कपाटात गेली ती या पानामुळे.

आसावरी म्हणाली, "ही तर शाळेतली खूण आहे." मग खालचा शब्द वाचला. माझ्याकडे बघितलं. "ही तू?"

"हो. ही मी."

 तिने वही मिटून पिशवीत ठेवली.

पाचच्या जीपने मी निघाले. आसावरी अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. जीप सुरू झाली तेव्हा ती काहीतरी म्हणाली. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. तिला कळलं. तिने एक हात छातीशी घेतला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

मला हाक मारली.

सात वर्षांनी तुमच्या भाषेत तिने उच्चारलेला पहिला शब्द माझं नाव होता. तो तुझा असायला हवा होता.

मी करंगळी गालाला लावली. तोवर जीप वळली होती. तिने बघितलं का, मला माहीत नाही.

आज बुधवार. तुम्ही दोघं आता टाकव्यात असाल. हे पत्र हातात पडेल तेव्हा तू तिला भेटून आलेली असशील, म्हणून ती कशी वागेल हे मी सांगत बसत नाही. घरात आवाज नाही. दोन वेळा मी पोळ्या जास्त लाटल्या. पिवळ्या कापडाचा तुकडा तिच्या पिशवीत घातला आहे, दाखलाही तिथेच आहे. 'मराठी' खोडता आलं नाही.

तुझी भाषा शिकेन, असं लिहिणार होते. लिहीत नाही. मी मागे एकदा तुला लिहून शब्द दिला आहे. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी समजेन, आणि या वेळी समजलं नाही असं दाखवणार नाही.

या पत्रातही लाल वर्तुळ करण्यासारखं काही सापडलं तर कर, आणि परत पाठव.

खाली सही करत नाही. वहीचं चौथं पान उघड.